आइसलँडची बोटीने प्रदक्षिणा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आधी व्हिसा. आइसलँडला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) चालतो, पण बोट ग्रीनलँडला जाणार असेल तर तो तिथे चालत नाही. डेन्मार्कच्या वकिलातीकडून ग्रीनलँडसाठी वेगळा व्हिसा घ्या आणि शेंगेन मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा आत येऊ देणाराच, मागा.

जीन्स घरीच ठेवा. भिजलेलं सुती कापड वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषतं. आत लोकरीचा थर, वर वॉटरप्रूफ जॅकेट-पँट. पँटचे पाय गमबुटांच्या बाहेर ठेवायचे, आत खोचले की पहिल्याच लाटेत बूट भरतात. बोटीवरून किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा हात धरायचा. ओल्या पंजाची पकड सुटते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कॅमेरा पाठीवरच्या ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत). वेट लँडिंगला, म्हणजे धक्का नसताना उथळ पाण्यात उतरताना, होडीच्या कडेवर बसूनच पाय बाहेर वळवा, उभं राहून उडी नको.

दक्षिण किनाऱ्याला फ्योर्ड (जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाड्या) नाहीत, अटलांटिकची लाट थेट येते. त्यामुळे तिथल्या हेइमाए बेटावर उतरणं ऐनवेळी रद्द होऊ शकतं. १९७३च्या ज्वालामुखीच्या उद्रेकातल्या लाव्हाने तिथल्या बंदराचं तोंड आणखी अरुंद केलं आहे. मळमळीची गोळी बोट हलायच्या तासभर आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. १९६३च्या उद्रेकात समुद्रातून वर आलेलं सुर्टसी बेट लांबूनच दिसेल, तिथे फक्त संशोधकांना प्रवेश आहे.

पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर जून-जुलै गाठा, ऑगस्टच्या मध्यानंतर ते समुद्रावर निघून जातात. ग्रिम्से बेटावर आर्क्टिक सुरय पक्षी डोक्यावर चोच मारतात, काठी डोक्यापेक्षा उंच धरा. टोपीसुद्धा जाडच हवी.