भांडण ल्यूकवरून, अबोला भावाशी

ताई,
माझं वय ४३, धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. आम्ही दोघं लहानपणापासून ‘स्टार वॉर्स’ या अंतराळातल्या सिनेमालिकेचे वेडे. मी नववीत असताना टिमोथी झान यांच्या तिच्यावरच्या कादंबऱ्या वाचायचो आणि रात्री दिवा मालवल्यावर त्याला मराठीत सांगायचो. २०१७ साली त्यातला ‘द लास्ट जेडाय’ बघून बाहेर पडलो, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते आणि मी संतापाने थरथरत होतो. ज्या ल्यूकने, या गोष्टीच्या नायकाने, डार्थ वेडरसारख्या खलनायक बापातही चांगुलपणा शोधला, तो झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उपसेल? तेव्हापासून दर भेटीत आमचा हाच वाद. गेल्या महिन्यात चारचौघांत मी त्याला म्हणालो, “तुला ही गोष्ट कधी कळलीच नाही.” तो उठून गेला. आता फोनही उचलत नाही. काल त्याच्या दहा वर्षांच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला: “काका, ते सिनेमे कधी बघायचे? बाबा म्हणतात, काकाच दाखवणार.” सिनेमा फसलेलाच होता, गोष्ट मूळ दिशेपासून भरकटली, हे मी खोटं कसं म्हणू? आणि भावाला कसं परत आणू?
— एक दादा

प्रिय दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुमच्या पुतणीच्या वाक्यापाशी थांबले. ती दहा वर्षांची झाली तरी तिच्या बाबांनी तिला एकही सिनेमा दाखवलेला नाही. मनात आणलं असतं तर कुठल्याही रविवारी दाखवता आला असता. त्यांनी ते तुमच्यासाठी राखून ठेवलंय, आणि तुमच्याशी अबोला धरल्यावरही ते बदललेलं नाही. दार बंद झालंय असं समजू नका.

आता सिनेमाबद्दल. तो आवडला असं खोटं म्हणायला मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचा आक्षेप बिनबुडाचा नाही. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये शस्त्र फेकून देणारा ल्यूक आणि ‘द लास्ट जेडाय’मध्ये बेटावर तोंड लपवून बसलेला ल्यूक यांच्यामध्ये जवळपास तीस वर्षं आहेत. त्या वर्षांचं ओझं सिनेमा काही मिनिटांच्या आठवणींवर टाकतो, आणि मला ते पुरेसं वाटत नाही. १९७७ पासून ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिल यांनाही दिग्दर्शक रायन जॉन्सन यांचा ल्यूक पटला नव्हता. त्यांनी ते उघड सांगितलं, तरीही काम मनापासून केलं, आणि पुढे आपले मतभेद चव्हाट्यावर आणल्याबद्दल खंतही व्यक्त केली.

पण शस्त्र फेकण्याच्या काही क्षण आधी काय होतं, तेही आठवा. वेडर बहिणीचं नाव काढतो आणि ल्यूकचा तोल जातो. तो वार करत सुटतो, बापाचा हात तोडतो, आणि मग स्वतःच्या यांत्रिक हाताकडे बघून थबकतो. क्षणभर अंधाराकडे झुकणं आणि नंतर लाजेनं गोठून जाणं हे त्याच्यात १९८३ सालीच होतं. तुम्हाला त्यातलं थबकणं लक्षात राहिलं, भावाला कदाचित तोल जाणंही राहिलं असेल. दोघांनी एकच माणूस पाहिलाय.

मला वाटतं, तुमची खरी जखम २०१७ च्याही आधीची आहे. २०१२ मध्ये डिस्नेने ‘स्टार वॉर्स’ बनवणारी लुकासफिल्म ही कंपनी विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की त्या सगळ्या जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यापुढे ‘लेजंड्स’ म्हणून ओळखली जातील, नव्या सिनेमांवर त्यांचं बंधन नसेल. चाहत्यांच्या भाषेत, त्या ‘कॅनन’च्या, म्हणजे अधिकृत गोष्टीच्या, बाहेर गेल्या. म्हणजे ल्यूकची बायको मारा जेड गेली, जेसन आणि जेना ही त्याच्या बहिणीची, लेयाची जुळी गेली, ल्यूकची ती भरलेली जेडाय योद्ध्यांची शाळा गेली. वरून पाहणाऱ्याला हा कंपनीचा हिशेबी निर्णय. तुमच्यासाठी ती अंधाऱ्या खोलीत धाकट्या भावाला सांगितलेली गोष्ट होती, आणि कुणीतरी येऊन म्हणालं की ती घडलीच नव्हती. त्याचं दुःख होणारच. तुम्ही ते दुःख म्हणून कधी बोललाच नाहीत, त्याचा वाद करून टाकलात.

ही गोष्ट ‘मूळ दिशेपासून भरकटली’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तिला आखलेली दिशा कधी नव्हतीच. लेखिका ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये दुसऱ्या सिनेमाचा पहिला खर्डा लिहिला, त्यात ल्यूकचे वडील वेडरपेक्षा वेगळे आहेत आणि आत्मा म्हणून त्याला भेटायला येतात. “मीच तुझा बाप” हा सगळ्या गोष्टीचा कणा पुढच्या खर्ड्यांमध्ये आला. तुमच्या लाडक्या कादंबऱ्यांचंही तेच. त्याच मालिकांमध्ये पुढे जेसन अंधाऱ्या वाटेला लागतो आणि त्याच्याच हातून मारा मरते. ल्यूकच्या हाताखालून निसटलेला भाचा तिथेही आहे, दादा. आणि तुम्ही भावाला सांगितलेला खलनायक ॲडमिरल थ्रॉन २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ या ॲनिमेटेड मालिकेतून परतलाच की. इतक्या हातांनी लिहिलेल्या गोष्टीत काय राहील आणि काय पुसलं जाईल, ते आपल्या हाती नसतं.

तुमच्या हाती होतं ते वाक्य. “तुला ही गोष्ट कधी कळलीच नाही.” ज्याला ती गोष्ट तुम्हीच सांगितलीत, त्याला, आणि तेही लोकांसमोर. ऐकताना त्याच्यासमोर ल्यूक नसेल हो, ती अंधारी खोली असेल. हे वाक्य तुम्हाला मागे घ्यावं लागेल, पूर्ण, ‘पण’ न जोडता. फोन उचलत नाही तर लिहून पाठवा. दोन ओळी पुरेत: मी सगळ्यांसमोर तुला तसं बोललो ते चुकलं, तुझा अपमान झाला. त्यात सिनेमाचं नाव नको, आपली बाजू नको, लगेच उत्तराची अपेक्षाही नको.

तो बोलायला लागला की मग एक गोष्ट विचारा. इतक्या वर्षांच्या भांडणात तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का, की तुला रडू कशानं आलं? पत्रात तरी ते कुठे दिसलं नाही. सिनेमाच्या शेवटी सगळं हरून बसलेला ल्यूक शत्रूच्या फौजेसमोर उभा राहतो. तो कुणावरही वार करत नाही, मागच्यांना निसटायला फक्त वेळ मिळवून देतो. भावाला तिथे काय दिसलं असेल याचा माझा अंदाज आहे, पण ते तुम्ही त्याच्या तोंडून ऐका. ऐकताना खोडून काढू नका. तुम्हाला पटलं नाही तरी चालेल.

राहिला पुतणीचा प्रश्न. क्रमावरूनही चाहते भांडतात, पण माझं मत ठाम आहे: प्रदर्शित झाले त्या क्रमाने. गोष्टीत आधी घडणाऱ्या १९९९ च्या सिनेमापासून सुरुवात केली, तर वेडर कोण हे तिला आधीच कळेल आणि दुसऱ्या सिनेमातला, १९८० चा तो “मीच तुझा बाप”चा धक्का तिला कधीच मिळणार नाही. तिला आधी काही सांगू नका, मध्येमध्ये समजावू नका. ल्यूकबद्दल तिचं मत ती स्वतः बनवेल, कदाचित तुम्हा दोघांनाही न पटणारं. २०१७ पर्यंत पोहोचाल तेव्हा ती तुमच्याकडे बघेल. त्या वेळी तुम्ही पडद्याकडेच बघत राहा.

भावाच्या उत्तराची वाट न पाहता तिला आजच निरोप पाठवा, तिनं पाठवला तसाच, तुमच्या आवाजात: १९७७ पासून सुरू करू, आणि काका एकटा दाखवणार नाही, बाबांनाही बसायला सांग.

तुमची,
ताई