चौथी तार : जुना बेस घेताना, जुना बेस विकताना

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्याला कुणी नावानं ओळखत नाही. ‘तो ड्रमशेजारचा’ म्हणतात. मी वीज मंडळात दिवसा नोकरी आणि रात्री ड्रमशेजारी उभं राहणं, असं जवळजवळ तीस वर्षं केलं. गेल्या अंकात जुन्या बेस गिटारी आणि त्यांच्या लवाजम्याच्या खरेदी-विक्रीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं, तर पत्रांचा गठ्ठाच आला. आमच्या हिला अजून खरं वाटत नाहीये. त्यातली काही इथे घेतो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर पाच तारांचा आयबानेझ बेस बघितला. मालक पुण्याचा, किंमत २२ हजार. फोटोत एकदम नवा दिसतो. दोन हजार टोकन पाठवलं तर बाजूला ठेवतो म्हणतोय. पाठवू का, काका? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

नको. कोल्हापूर-पुणे एसटीचं जाऊन-येऊन तिकीट दोन हजारांच्या आत बसतं. बस पकडून जा. बेस बघायला माझ्या घरी येऊ नका, पण फोटो हवे तेवढे पाठवतो, असं तो म्हणाला तर तिकिटाचेही वाचले.

फोटोत चकाकी दिसते, मान दिसत नाही. आणि बेसचा जीव मानेत. बेसची तार ३४ इंचांची, चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंचा. पाचवी आली की आणखी पंधरा. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समज. तो कधी सुट्टी घेत नाही. त्याच्याशी झुंजायला मानेच्या आत लोखंडी सळई असते, तीच ट्रस रॉड.

बेस हातात आल्यावर लगेच वाजवायला घेऊ नकोस. बूड बुटावर टेकव आणि खुंट्यांच्या बाजूनं एक डोळा मिटून मानेवरून खाली बघ, सुतार फळी बघतो तसं. मान थोडी पुढे वाकलेली असली तर हरकत नाही, तशीच हवी. मग जाडी तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एका हातानं आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाब. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट पाहिजे. दोन-तीन कार्डं जात असतील तर मालकाला विचारून ट्रस रॉड पाव फेरा फिरव. हलला आणि मान ऐकू लागली तर उत्तम. सळईचा नट गोल झालेला असेल, किंवा आधीच शेवटापर्यंत आवळून ठेवलेला असेल, तर चहा पिऊन निघ. पण सगळ्यात वाईट म्हणजे पीळ. जाड्या तारेकडची कड आणि बारीक तारेकडची कड वेगवेगळ्या दिशेनं गेलेली दिसली, की तो बेस फुकटही नको. सळई वाक काढते, पीळ काढत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड पाणी पितं. मे महिन्यात सरळ दिसलेली मान ऑगस्टमध्ये फुगून वाकते, दिवाळीनंतर परत येते. त्यामुळे मी जुना बेस घ्यायचाच असेल तर पावसाळा सरता सरता घेतो. तेव्हा तो आपलं सगळ्यात वाईट रूप दाखवत असतो.

मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट वाजव. शंभराच्या वर सूर होतात, दहा मिनिटं लागतात. मालक कंटाळला तर कंटाळू दे. कुठे झणझणतंय, कुठे सूर शेजारच्या फ्रेटवर जाऊन बसतोय ते कळेल. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो. तो लाकडाचा स्वभाव आहे, महागड्या नव्या बेसमध्येही सापडतो. त्यासाठी बेस नाकारू नकोस, भावात मात्र बोलून दाखव.

पाच तारांच्या बेसची खरी परीक्षा पाचव्या तारेवर होते. चार तारांतली सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते, पाचवी ३१ वर. स्वस्तातल्या बेसमध्ये ती लुळी पडते, सूर लागतो पण उभा राहत नाही. मालकानं पाठवलेल्या व्हिडिओवर हे कळणार नाही, कारण तेवढा खालचा सूर मोबाइलच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. जाताना आपले हेडफोन ने, आणि एक नवा ९ व्होल्टचा सेलही ने. या बेसच्या पोटात सेलवर चालणारं सर्किट असण्याची शक्यता आहे. सेल मेलेला असला की बेस मुका होतो, आणि ‘वायर सैल झालीय, घरी डाग मारून घे’ हे वाक्य मी निदान वीसदा ऐकलंय. आवाजाच्या खुंट्या फिरवताना खरखर आली तर घाबरू नकोस, ती धूळ असते. फवाऱ्यानं जाते.

आता एक न विचारलेलं. चार तारा वाजवून झाल्या का?

माझे मामा १९८० च्या दशकात ऑर्केस्ट्रात होते. ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. त्यात एक गिव्हसन बेस आणि चंदेरी प्लास्टिकची एक डबी निघाली. डबी आडव्या धरलेल्या वहीएवढी, वर ओळीत सहा छोट्या खुंट्या, खाली पेटीच्या पट्ट्यांसारखी बटणं. त्यावर रोलंड टीबी-३०३ लिहिलंय. भंगारवाला दोन्हींचे मिळून आठशे देतो म्हणतो. — एक भाची, नाशिक

ताई, भंगारवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

ती डबी आमच्या पोटावर पाय द्यायला जन्माला आली होती. गायकाला किंवा गिटारवाल्याला एकट्यानं रियाज करायचा असेल तर बेसवाला कशाला बोलवायचा, ही डबी वाजेल, या हिशेबानं जपानी कंपनीनं ती १९८१ च्या सुमारास काढली. गंमत अशी की ती बेससारखी वाजलीच नाही. बेडूक आणि पिपाणी यांच्या मधलं काहीतरी वाजायची. सूर भरायची रीत तर इतकी किचकट की शिकेपर्यंत माणूस बेस शिकून होईल. सुमारे दहा हजार नग करून १९८४ मध्ये कंपनीनं ती बंद केली. आम्ही बेसवाले वाचलो.

मग त्या डब्या जुन्या सामानाच्या दुकानांत पडून राहिल्या, मातीमोल. शिकागोतल्या नाचाच्या क्लबांत संगीत वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांनी त्या उचलल्या. त्यांच्याकडे महागडी यंत्रं घ्यायला पैसे नव्हते. डबी वाजत असतानाच तिच्या खुंट्या पिळल्या की जो चिरकणारा, वळवळणारा आवाज येतो, त्यावर त्यांनी १९८७ मध्ये नाचाचं एक नवं संगीतच उभं केलं. अॅसिड हाउस म्हणतात त्याला. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत वाजवणारे चरणजित सिंग यांनी हीच डबी घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड परत निघाली आणि परदेशातली जाणकार मंडळी चक्रावली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत का होईना, परदेशात बोलावून लोकांनी त्यांचं ऐकलं.

आज चालू असलेली अस्सल ३०३ लाखांत विकली जाते. म्हणून आता सांगतो ते नीट करा. घाईनं कुठलाही अडॅप्टर लावू नका, ध्रुव उलटे असले तर आतलं जळेल. खालचा सेलचा कप्पा उघडून बघा. जुने सेल आत राहिले असतील तर फुटून पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असेल. ती पाण्यानं किंवा थिनरनं पुसू नका, जुनी सिंथ, म्हणजे असली इलेक्ट्रॉनिक वाद्यं, दुरुस्त करणाऱ्याकडे तशीच न्या. पुढे कंपनीनं २०१६ मध्ये तिची छोटी आवृत्ती काढली, दुसऱ्यांनीही नकला काढल्या. पण ट्रंक मामांच्या काळापासून बंद असेल तर तुमची अस्सलच. खोका, पुस्तिका, कापडी पिशवी असलं काही मिळालं तर तेही जपा, त्याचेही पैसे होतात.

डबीची आठवण सेलवर टिकते. मामांनी तिच्यात काही भरून ठेवलं असेल तर ते आता गेलं असणार. याचं मला वाईट वाटतं.

गिव्हसन मात्र विकू नका. कोलकात्याचा तो बेस, बाजारात त्याला फारसा भाव नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची बोटं त्यावरच सोलून निघाली. भिंतीला टांगा.

कार्यक्रमानंतर टेम्पोतून माझा बेस चोरीला गेला. आता तसाच एक विकायला असल्याची जाहिरात दिसतेय. काय करू? — एक वादक, सोलापूर

आधी नंबर शोधा. बहुतेक बेसवर तो खुंट्यांच्या मागे असतो, काहींवर मानेच्या सांध्यावरच्या पत्र्यावर. पत्रा चार स्क्रूंचा खेळ आहे, चोर बदलू शकतो. त्यामुळे ओरखडे, पोचे, सिगारेटचा डाग असलेले तुमचे जुने फोटो जास्त बोलतील. पोलिसांत तक्रार दिली नसेल तर आज द्या आणि जाहिरातवाल्याला भेटायला एकटे जाऊ नका. बीटल्सचे बेसवादक पॉल मॅकार्टनींनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनला व्हॅनमधून असाच गेला होता. एका घराच्या माळ्यावर सापडला आणि परत मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली. तुमचा लवकर मिळो.

माझा पुतण्या न्यू जर्सीहून येतोय. तिथे जुना बेस ॲम्प (बेसचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) निम्म्या किमतीत मिळतोय आणि एक जुना बेसही. आणायला सांगू का? लाकडावरून विमानतळावर अडवतात असं ऐकलंय. — एक गृहस्थ, ठाणे

आता माझ्या नोकरीचा विषय आला. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो ॲम्प इथे सरळ प्लगला लावलात तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मरचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. पुतण्याला ॲम्पच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. ‘१०० ते २४०’ लिहिलं असेल तर आणा, डोळे झाकून. हलक्या नव्या ॲम्पमध्ये बऱ्याचदा असतं. नुसतं १२० असेल तर इथे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. तो स्वतःच दगडासारखा जड, आणि तो हर्ट्झ बदलत नाही. फक्त ६० साठी बनवलेला ॲम्प ५० वर जास्त तापतो. एवढं करून वाचले किती, ते कागदावर मांडा.

ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तपासायलाही सुरू करायचा नाही, हे पुतण्याला बजावा. आणि ॲम्पपासून स्पीकरच्या केबिनेटपर्यंत गिटारची बारीक वायर लावू नका. जॅक दोन्हींचे सारखेच दिसतात म्हणून लोक लावतात, आणि ती वायर तापते.

बेस मात्र आणू दे. लाकडाची भीती जुनी झाली. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांचं बंधन आलं होतं, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलचं शिसव तेवढं अजून अडतं. ते फार जुन्या आणि फार महाग वाद्यांत असतं, निम्म्या किमतीत मिळणाऱ्यांत नाही. बाकी, आपल्याच जंगलातलं शिसव अमेरिकेला जायचं, तिथल्या बेसच्या मानेवर बसायचं आणि पुतण्याबरोबर ठाण्याला परत यायचं, याला काय म्हणावं!

आमचा बँड मोडला. बेस विकायचाय. खाऱ्या वाऱ्यानं ब्रिजला (धडावर तारा अडकतात त्या पत्र्याला) गंज धरलाय, मागे मानेच्या सांध्याजवळ केसासारखी एक चीर आहे. रंग मारून, नव्या तारा घालून विकला तर बरा भाव येईल ना? — एक वादक, मालवण

तारा घाला. ब्रिजचे स्क्रू तेल देऊन फिरते करा, गंज ब्रशनं काढा. रंग मारू नका. रंग मारलेला जुना बेस बघितला की घेणारा विचार करतो, खाली काय आहे?

त्या चिरेबद्दल सांगतो. १९९४ मध्ये मी अशीच चीर सरस भरून, मेण चोपडून, साताऱ्याच्या एका मुलाला बेस विकला. उन्हाळ्याचे दिवस होते, काही दिसत नव्हतं. गणपतीत ऐन कार्यक्रमात सांधा उघडला. मुलगा बेस गोणपाटात गुंडाळून माझ्या दारात आला. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, “दादा, तुम्हाला माहीत होतं?” मी पैसे परत केले, पण उत्तर दिलं नाही.

चिरेचा उजेडात फोटो काढा आणि जाहिरातीत पहिला तोच टाका. भाव थोडा पडेल, पण गिऱ्हाईक दारात येऊन घासाघीस करणार नाही, कारण करायला काही उरत नाही. आणि एक: ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, बेस न बघताच घेतो, हा कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन येईल. कोड स्कॅन करून पिन टाकली की पैसे जातात. यायला पिन कधीच लागत नाही.

सर, तुमचा स्वतःचा बेस विकणार का? — एक चाहता, पुणे

नाही. ॲम्प हवा असेल तर बोला. डाव्या बाजूचं हँडल तुटलंय, ट्रेबलची खुंटी खरखरते आणि स्पीकरच्या कागदाला एका ठिकाणी मी स्वतः ठिगळ लावलंय. शनिवारी सकाळी या, वाजवून बघा.