मुलगी एनएमएमएसमध्ये निवडली गेली, आता पैसे मिळण्यासाठी काय करायचं?

एनएमएमएस म्हणजे आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. तिच्या निवड यादीत नाव आलं म्हणून पैसे आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी ओटीआर (एकदाच करायची) नोंदणी आणि मग नवीन अर्ज भरावा लागतो. कितीतरी हुशार मुलांचे वर्षाचे १२,००० रुपये इथेच बुडतात, फार वाईट वाटतं.

सर्वात जास्त अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नावच नाही. आधारवरचं नाव, जन्मतारीख आधी दुरुस्त करून घ्या; अर्ज नंतर.

दुसरी अडचण बँकेची. खातं मुलीच्याच नावाचं हवं. बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारू नका, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का’ असं विचारा; म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी हे खातं आधारला जोडलंय का. दोन खाती असतील तर सीडिंग असलेल्या खात्यातच पैसे जातात.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा, साडेतीन लाखांच्या आतला. अर्ज भरला की शाळेच्या लॉगिनमधून पडताळणी झाली का, हे मुख्याध्यापकांना विचारत राहा. ती राहिली तर अर्ज जिल्ह्याच्या पातळीवर पोचतच नाही.

दहावी, अकरावी, बारावीला दरवर्षी नूतनीकरण करायचं. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, एससी-एसटीला ५५.