पहिल्या बँडच्या आधी पोचा

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की मेटलच्या, म्हणजे जड गिटारींच्या त्या कर्कश रॉक संगीताच्या, शोला जायचं असेल आणि मनात काही असेल तर बिनधास्त विचारा. मला वाटलं कॉलेजची दोन-चार पोरं लिहितील, पण पत्रं आली ती आयांची, एका आजोबांची, गाणं शिकणाऱ्या एका मुलीची. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, जे परत परत विचारलं गेलं तेवढं घेतलंय.

ताई, माझी मुलगी १९ वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर मुंबईला चार बँडचा शो बघायला जायचं म्हणते. तिच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला तर त्यात पोरं एकमेकांना धक्के मारत गोल गोल पळत होती. तेव्हापासून माझी झोप उडालीये. पाठवू का?
— एक आई, राजेंद्रनगर

पाठवा. आणि तुमची झोप का उडाली ते मला कळतं, कारण माझ्या आईचीही उडाली होती.

तुम्ही पाहिलंत त्याला पिट म्हणतात. स्टेजच्या समोर मधोमध एक जागा आपोआप मोकळी होते आणि ज्यांना धक्काबुक्की करायची हौस आहे तेवढेच त्यात उतरतात, बाकीचे कडेला उभे राहतात. बाहेरून मारामारी वाटते पण ती मारामारी नाही, कोणी कोणावर चिडलेलं नसतं. आणि एक नियम सगळे पाळतात, जो पडला त्याला आधी उचलायचं. कोणाचा चष्मा पडला, बूट निघाला तर चार जण हात पसरून उभे राहतात आणि पाचवा तो शोधून देतो, हे मी कितीदा पाहिलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या काही संशोधकांनी अशा पिटचे व्हिडिओ घेऊन अभ्यास केला होता, २०१३ साली तो छापून आला, त्यांना असं दिसलं की पिटमधली माणसं वायूच्या रेणूंसारखी वागतात, इकडं तिकडं आपटत फिरतात, आणि कधी कधी त्यातूनच गोल भोवरा तयार होतो. तुम्ही पाहिलेलं गोल पळणं ते हेच.

मुलीला पिटमध्ये जायचं नसेल तर तिनं साउंडच्या टेबलाजवळ उभं राहावं, म्हणजे मैदानाच्या किंवा हॉलच्या मधोमध तो मोठा मिक्सर घेऊन माणूस बसलेला असतो ना, त्याच्या अलीकडं-पलीकडं. तिथं गर्दी सैल असते आणि आवाज सगळ्यात चांगला तिथंच येतो, कारण तो माणूस स्वतःच्या कानानं ऐकूनच आवाज लावत असतो.

गर्दीत हात लावणारे नालायक मेटलच्या शोलाही असतात, नसतात असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तसं काही झालं तर गप्प बसायचं नाही, मोठ्यानं ओरडायचं, आजूबाजूची पोरं लगेच मध्ये पडतात, आणि बॅरिकेडजवळच्या सिक्युरिटीला सांगायचं. मैत्रिणींनी आत गेल्या गेल्या एक जागा ठरवून ठेवावी, चुकामूक झाली तर तिथं यायचं, कारण आत फोनला रेंज मिळेलच असं नाही.

आणि गोंधळ कधीच होत नाही असंही नाही. २०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिकाचा गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला, पुढच्या बॅरिकेडचा प्रश्न होता, आणि चिडलेले लोक स्टेजवर चढले, सामान मोडलं. पण दोनच दिवसांनी, ३० तारखेला, तोच बँड बंगळूरला व्यवस्थित वाजवून गेला. बॅरिकेड नीट आहे की नाही यावर फार काही अवलंबून असतं, तेव्हा तिला सांगा, पुढं फार चेपाचेपी वाटली, छाती दाबली जायला लागली की गाणं कितीही आवडतं असलं तरी तिरकं तिरकं सरकत कडेला यायचं.

परतीचं आधीच बघा. इंदूरला येणारी अवंतिका एक्सप्रेस शो संपेपर्यंत थांबत नाही. रात्री राहायची सोय पक्की करूनच तिकीट काढू द्या. नातेवाईक असतील तर उत्तम, त्यांना आधीच सांगून ठेवा की पोरी मध्यरात्री येतील, कान बधिर झालेले असतील आणि भूक प्रचंड लागलेली असेल.

तिकिटावर गेट ५ वाजता लिहिलंय, पण मुख्य बँड ९ च्या आधी येणार नाही असं मित्र म्हणतात. आधीच्या तिघांची नावंही ऐकली नाहीत. ८ ला पोचलो तर चालेल ना?
— बी. कॉम. दुसरं वर्ष, सुदामानगर

नाही चालणार. म्हणजे आत सोडतील तुला, पण मी तुला चालेल म्हणणार नाही.

हे चार बँड एकत्र फिरतात तेव्हा काय होतं ते ऐक. दुपारी साउंडचेक, म्हणजे वाजवण्याआधीची आवाजाची तपासणी, होतो तो उलट्या क्रमानं, सगळ्यात शेवटी वाजवणारा मोठा बँड सगळ्यात आधी चेक करतो आणि सगळ्यात आधी वाजवणारा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं सामान तसंच स्टेजवर राहतं आणि गेट उघडलं की लगेच सुरू करता येतं. आता मोठ्या बँडचा चेक लांबला तर वेळ कोणाचा कापला जातो? पहिल्याचा. कितीदा तर त्यांना चेक मिळतच नाही, नुसत्या वायरी लागल्या का बघतात आणि सुरू. वाजवायला मिळतात २५-३० मिनिटं, मोठ्या बँडला सव्वा-दीड तास. दिवे निम्मे, मोठ्या बँडचा ड्रमसेट मागं झाकून ठेवलेला असतो म्हणून ड्रमर स्टेजच्या पुढच्या कडेला अवघडून बसलेला, आणि समोर लोक अजून पार्किंगमध्ये. एवढ्या सगळ्यातही ती पोरं असं वाजवतात की जणू स्टेडियम भरलंय. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, म्हणून हे एवढं लांबवते आहे.

बाहेरून येणारे बँड सगळं सामान घेऊन विमानात बसत नाहीत. गिटारी आणतात, गिटारचा आवाज बदलणारी पेडल आणतात, ड्रमर आपल्या झांजा, स्नेअर नावाचा छोटा ड्रम आणि पायाचं पेडल आणतो, बाकी अँप, स्पीकरची खोकी, मोठे ड्रम इथंच भाड्यानं घेतात आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत वाटून वापरतात. म्हणून दोन बँडच्या मध्ये २०-३० मिनिटं जातात. तेव्हा लोक कंटाळून ओरडतात, पण त्या वेळात काळे कपडे घातलेली माणसं काय करतात ते एकदा नीट बघ, एक जण माइक हलवतोय, एक टेप लावून खुणा करतोय, एक गुडघ्यावर बसून वायरी मोजतोय. ते बघण्यासारखं असतं.

मी २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन या इंग्लिश बँडसाठी बंगळूरला गेले होते, इंदूरहून मध्ये गाडी बदलून, दोन रात्री प्रवास. पॅलेस ग्राउंड्स. त्या दिवशी आधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजवून गेला आणि माझ्या बाजूचे अर्धे लोक तेव्हा पाण्याच्या रांगेत उभे होते. त्याच वर्षी जूनमध्ये तोच परिक्रमा इंग्लंडला डॉनिंग्टनच्या डाउनलोड या मोठ्या रॉक फेस्टिवलमध्ये वाजवत होता. रांगेतल्यांना नंतर कळलं असेल काय सुटलं ते.

आणि आपल्या गावाचं सांगते. इंदूरचा निकोटिन हा बँड २००६ मध्ये सुरू झाला, मध्य भारतात मेटल म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं तेव्हापासून ही पोरं वाजवत होती, आणि त्यांच्यात मराठी आडनावं होती, आपल्याच वाड्या-गल्ल्यांतली. तेही कधीतरी असेच कुठल्या तरी यादीत सगळ्यात वरचे नव्हते. ५ म्हणजे ५ ला जा. तिन्ही बँडची दोन-दोन गाणी आधी ऐकून जा, म्हणजे तिथं ओळखीचं काहीतरी कानावर पडेल. आणि टी-शर्ट घ्यायचा झाला तर छोट्या बँडचा घे, त्यांच्या टेबलावरून, बऱ्याचदा टेबलामागं बँडमधलाच कोणीतरी उभा असतो. दौऱ्यात छोट्या बँडला मानधन फार नसतं, पेट्रोलचे आणि जेवणाचे पैसे त्या टेबलावरूनच निघतात.

मी तबला वाजवतो. मुलगा शोला नेतोय पण कानाची भीती वाटते. कापूस घातला तर पुरे का?
— स्नेहलतागंज

कापूस अजिबात पुरत नाही काका, त्यानं नुसतं समाधान मिळतं. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज ८ तासांपर्यंत चालतो असं धरतात, आणि तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. मेटलचा शो १०० च्या पुढं सहज जातो आणि तो चार-पाच तास चालतो. कानाच्या आत जे बारीक केसांसारखे पेशी असतात ते एकदा मेले की परत उगवत नाहीत.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग अगदी थोड्या पैशात मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर काही उपयोग नाही. संगीतवाल्यांसाठी वेगळे इअरप्लग येतात, ते जरा महाग असतात पण सगळे स्वर सारखेच खाली आणतात, तुमच्या कानाला ते जास्त पटतील. स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहू नका, मध्ये दहा-पंधरा मिनिटं बाहेर येऊन बसा. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरकडं जा, लांबवू नका.

आमच्या नातवाची ही आरडाओरड मला संगीत वाटत नाही. तुम्हाला खरंच वाटतं का?
— एक आजोबा, वय ७४, रामबाग

वाटतं आजोबा, मनापासून वाटतं. तुम्ही उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या इंदूरचे. खाँसाहेबांची अतिविलंबित लय लक्षात आणा, दोन मात्रांमध्ये माणूस श्वास रोखून बसतो. मेटलमध्ये डूम म्हणून एक प्रकार आहे, त्यात एक-एक झंकार असाच लांबवतात, पुढचा ठोका कधी पडेल याची वाट बघत हजार माणसं उभी असतात. राग नाही, तालाचं आवर्तन आपल्यासारखं नाही, मान्य, पण ती वाट बघणं मला एकाच जातीचं वाटतं.

आणि हा जड आवाज आला कुठून, तर कारखान्यातून. बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, १७ व्या वर्षी मशिनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो गिटार वाजवणारा, तोही डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच ती. त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढं तारा सैल करून सूरच खाली आणला. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा.

नातू दोन बोटं वर करून शिंगं दाखवत असेल त्याचाही राग धरू नका. ती खूण रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकानं लोकप्रिय केली आणि तो सांगायचा की त्याची इटालियन आजी नजर लागू नये म्हणून ती करायची. आपल्याकडं मीठ-मोहऱ्या ओवाळतात, तसंच.

मी शास्त्रीय गाणं शिकते. मेटलमधला तो घोगरा आवाज काढून बघितला तर गळा जाईल का?
— लोकमान्यनगर

नुसतं व्हिडिओ बघून घसा खरवडशील तर जाईल. जे नीट करतात ते मुख्य स्वरतंतूंच्या वर जे दुसरे पडदे असतात त्यांच्यावर जोर देतात आणि श्वास खालून पोटातून लावतात, म्हणूनच रोज रात्री वेगळ्या गावात दीड तास गाऊ शकतात. घसा दुखला, खवखवला तर तिथंच थांब, आणि तुझ्या गुरूंना सांगूनच कर, लपवून नको.

गाण्यावर डोकं जोरजोरात हलवल्यावर मान दुखू नये म्हणून काय करू? परीक्षा आहे.
— नारायणबाग

मान कमी अंतरात हलव. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर अभ्यास आला होता, गाण्याची गती मिनिटाला १४६ ठोक्यांच्या आसपास असली आणि डोकं ७५ अंशांपेक्षा जास्त फिरवलं तर इजेची शक्यता सुरू होते. हळू गाण्यांवर कर, जलद गाण्यांवर एक सोडून एक ठोक्याला कर, आणि कमरेतून वाक. पाणी पीत राहा.

माझा एकही मित्र मेटल ऐकत नाही. एकट्यानं जाणं विचित्र दिसेल का?
— इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष

अजिबात नाही रे. मी त्या बंगळूरच्या शोला एकटीच गेले होते. आवडत्या बँडचा टी-शर्ट घालून गेटच्या रांगेत उभा राहा, पुढचा-मागचा कोणीतरी तुझा शर्ट बघून बोलेलच, कुठल्या गावाहून आलास विचारेल. माझ्या पुढं नागपूरची दोन मुलं होती, त्यांच्या डब्यात पुरणपोळ्या होत्या, त्यातली एक त्यांनी मला दिली. त्यांच्यातल्या एकाशी माझं अजून फोनवर बोलणं होतं, आणि कुठला नवीन बँड येतोय हे मला आधी त्याच्याकडूनच कळतं.