आरोप ठाऊक नसताना वाटणारी अपराधी भावना

अभ्यासाला लावलेली एखादी कादंबरी वाचून आपले मूल अस्वस्थ झाले, त्याची झोप उडाली, ते उगाचच घाबरू लागले, तर ते पुस्तक त्याच्या हातून काढून घ्यावे काय, असा प्रश्न समुपदेशक म्हणून पालक मला वरचेवर विचारतात. शिक्षकांचा प्रश्न थोडा निराळा असतो. अशी पुस्तके विद्यार्थ्यांना द्यावीतच कशाला, असे त्यांना वाटते. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मी एका ओळीत देत नाही, कारण वाचलेल्या मजकुराने भीती निर्माण केली की आधीपासून असलेल्या भीतीला त्याने केवळ रूप दिले, हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगळे तपासावे लागते. पुढील अनुभव पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचा आहे. तो लिहिण्यास तिने संमती दिली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तिच्या वर्गाला फ्रान्झ काफ्काची ‘द ट्रायल’ ही कादंबरी नेमलेली होती. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या जोसेफ के.ला त्याच्या तिसाव्या वाढदिवशी सकाळी, तो अंथरुणात असतानाच, अटक होते. अटक करायला आलेल्या पहारेकऱ्यांना त्याचा गुन्हा ठाऊक नसतो आणि त्यांच्यावरचा अधिकारीही तो सांगू शकत नाही. गंमत अशी की त्याला तुरुंगात नेत नाहीत. त्याने नेहमीप्रमाणे कामावर जाण्यास कोणाची हरकत नसते. पुढे वर्षभर तो वकील, कारकून, चित्रकार, धर्मगुरू अशा अनेकांकडे खेटे घालतो, आणि एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोन माणसे येऊन त्याला शहराबाहेरच्या दगडाच्या खाणीत घेऊन जातात व तेथे सुऱ्याने त्याचा अंत करतात. आरोप कोणता होता, हे त्याला कळत नाही आणि वाचकालाही कळत नाही.

माझ्याकडे प्रथम आली ती तिची आई. कादंबरी वाचायला घेतल्यापासून मुलगी रात्री जागी राहते, पाठवलेले प्रत्येक उत्तर पुन्हा पुन्हा उघडून पाहते, आणि झोपण्याआधी न चुकता विचारते, “माझं काही चुकलं नाही ना?” आई म्हणते, “नाही गं, काही चुकलं नाही.” मुलगी थोडा वेळ शांत होते आणि मध्यरात्री उठून पुन्हा तोच प्रश्न विचारते. त्यातच एका शिक्षिकेचा तिला “उद्या भेटून जा” एवढाच निरोप आला होता, कारण दिले नव्हते, आणि ती रात्र तिने रडून काढली होती. आईचा निष्कर्ष ठरलेला होता: पुस्तक वाईट आहे, ते बंद करायला सांगा.

मुलगी स्वतः आली तेव्हा तिने सोबत एक वही आणली होती. जोसेफ के.ने कोणता गुन्हा केला असेल, याची तिने त्या वहीत यादी केली होती. त्याने शेजारच्या खोलीत राहणाऱ्या तरुणीशी गैरवर्तन केले, तो आईला भेटायला गेला नाही, हाताखालच्या माणसांशी तुच्छतेने वागला, बँकेत आलेल्या लोकांना ताटकळत ठेवले, अशा कितीतरी नोंदी होत्या आणि त्यांतील बहुतेकांना कादंबरीत आधारही आहे. मात्र यादीच्या शेवटी काही गोष्टी अशा होत्या, ज्या कादंबरीत कोठेही नाहीत: फोन वेळेवर न उचलणे, दुसऱ्याच्या आनंदात मनापासून आनंद न वाटणे, उत्तर येत असूनही वर्गात गप्प राहणे. या नोंदी कोणाविषयी आहेत, असे मी तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली की लिहिताना आपण के.विषयी लिहीत नाही आहोत, हे आपल्या लक्षातच आले नव्हते.

येथे मला काम सुरू करण्याची जागा सापडली. तिला आधी अपराधी वाटत होते आणि त्या भावनेला साजेसा अपराध ती मागाहून शोधत होती. पुष्कळ सालस, अभ्यासू मुलांमध्ये मी ही सवय पाहिली आहे, आणि तिचे मूळ बहुधा घरातील किंवा शाळेतील शिस्तीच्या एका विशिष्ट पद्धतीत असते. तिच्या घरी कोणी कधी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. वडील नाराज झाले की अबोला धरत, आणि तो दोन दिवस टिके, कधी आठवडाही टिके. कारण काय, ते सांगत नसत. कारण ओळखून काढणे, त्याबद्दल माफी मागणे आणि ती माफी योग्य कारणासाठी होती की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून ताडणे, हे ती लहानपणापासून शिकत आली होती. वडिलांना मी दोष देत नाही. मारण्यापेक्षा गप्प राहणे सौम्य, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण शिक्षा आधी आणि आरोप अंधारात, हा क्रम ज्या मुलाच्या अंगवळणी पडला आहे, त्याला या कादंबरीचे पहिलेच पान ओळखीचे वाटल्यास नवल नाही.

पुस्तक बंद करू नये, असे माझे मत झाले ते यामुळेच. तिला त्रास देणारी गोष्ट कादंबरीच्या आधीपासून तिच्यात होती. कादंबरीमुळे ती प्रथमच तिच्याबाहेर, कागदावर, दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने उभी राहिली होती आणि म्हणून तिच्याविषयी बोलणे सोपे झाले होते. आईला हे पटायला वेळ लागला.

मधल्या काळात तिच्या शिक्षिकेने, विद्यार्थिनीशी बोलून, वर्गातील चर्चेला मला बोलावले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एका मुलाला कादंबरी वाचताना हसू आले होते आणि आपण निर्दय आहोत की काय, अशी त्याला शंका येत होती. शिक्षिकेने त्याला सांगितले की काफ्काने पहिले प्रकरण मित्रांना वाचून दाखवले तेव्हा मित्र खूप हसले होते, आणि स्वतः काफ्कालाही हसू अनावर होऊन वाचन थांबवावे लागत होते. त्याचा मित्र मॅक्स ब्रोड याने हे लिहून ठेवले आहे. त्या मुलाचा चेहरा एकदम सैल झाला. दुसरी एक मुलगी चिडली होती: इतकी पाने वाचायला लावून लेखक कारण सांगत नाही, ही तिच्या मते फसवणूक होती. तिसऱ्याने काफ्काच्या चरित्रात उत्तर शोधले होते. जुलै १९१४ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलात फेलिस बावर हिच्याशी ठरलेले काफ्काचे लग्न मोडले, त्या प्रसंगाला त्याने आपल्या रोजनिशीत हॉटेलातले न्यायालय म्हटले, आणि पुढच्याच महिन्यात तो ही कादंबरी लिहू लागला, हे त्याने मांडले. माहिती खरी आहे आणि मोलाचीही आहे. परंतु लेखकाला वेदना कोठून मिळाली, याचा पत्ता लागला म्हणून जोसेफ के.वरील आरोप कळत नाही, ही गोष्ट त्या मुलाच्या उत्साहात थोडी झाकली गेली.

सर्वांत जास्त हात मात्र एका वेगळ्या मतासाठी वर गेले: “त्याने काहीतरी केलेच असणार, उगाच कोणी अटक करत नाही.” समुपदेशकाला हे वाक्य नवे नाही. जग मुळात न्यायाने चालते आणि ज्याला भोगावे लागते त्याने त्याला साजेसे काहीतरी केलेले असते, असे मानण्याकडे माणसाचा कल असतो. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून या कलाचा प्रयोगांनी अभ्यास केला. असे मानले की आपण सुरक्षित आहोत असे वाटते. ज्या मुलांनी हात वर केले त्यांना हा कल के.विरुद्ध वापरता आला. माझ्या विद्यार्थिनीने तो स्वतःविरुद्ध वापरला होता, एवढाच फरक.

आमच्या पुढच्या भेटींत आम्ही कादंबरीतील एका तपशिलावर बराच वेळ घालवला. के.ला पहिल्या चौकशीसाठी रविवारी बोलावले जाते, पण वेळ सांगितली जात नाही. नऊ वाजता जावे, हे तो स्वतःच ठरवतो. तो पोहोचतो तेव्हा त्याला सुनावले जाते की त्याने तासाभरापूर्वीच यायला हवे होते. ही वेळ कोणी ठरवली होती, असे मी तिला विचारले. “कोणीच नाही,” ती म्हणाली, “पण वाचताना मलाच लाज वाटली, जणू उशीर मी केला होता.” त्या आठवड्यात तिला ज्या ज्या वेळी अपराधी वाटले, त्या प्रत्येक वेळेची नोंद करायला मी सांगितले. नोंदीत तीन गोष्टी हव्या होत्या: तक्रार कोणी केली, नेमकी कशाबद्दल केली आणि ती कोणत्या शब्दांत केली. बहुतेक ठिकाणी पहिला रकाना रिकामाच राहिला. एका ठिकाणी तो भरलेला होता. मैत्रिणीची वही वेळेवर परत न केल्याबद्दल मैत्रीण रागावली होती. तेथे तिने माफी मागितली, वही दिली आणि विषय तेथेच मिटला. खऱ्या चुकीचा निकाल लागू शकतो, हे तिला माझ्या सांगण्यापेक्षा या एका नोंदीने अधिक चांगले समजले.

मग तिने स्वतःहून चित्रकार तितोरेल्लीचे प्रकरण काढले. हा चित्रकार न्यायाधीशांची चित्रे काढतो आणि के.ला सुटकेचे तीन मार्ग सांगतो. पहिला खऱ्या निर्दोष मुक्ततेचा; तशी मुक्तता झालेली त्याच्या माहितीत कोणाची नाही. दुसरा वरवरच्या मुक्ततेचा. त्यात माणूस सुटतो, पण कागदपत्रे फिरतच राहतात, आणि तो घरी पोहोचतो तोच त्याला पुन्हा पकडायला माणसे आलेली असू शकतात. तिसरा खटला कायम लांबवत ठेवण्याचा. ती म्हणाली, “आई मला रोज रात्री दुसऱ्या प्रकारे सोडते.”

इतके अचूक वर्णन मला स्वतःला सुचले नसते. अशा भीतीत वारंवार दिलासा मागितला जातो आणि तो दिला की घटकाभर बरे वाटते. पण त्यामुळेच मन शिकते की दिलाशावाचून ही भीती सहन होणार नाही, आणि पुढच्या वेळी मागणी लवकर येते. “तुझं काही चुकलं नाही” हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असले तरी त्याचा परिणाम काही तासच टिकतो. म्हणून मुलगी, आई आणि मी यांनी मिळून एक गोष्ट ठरवली. रात्री प्रश्न आला की आईने निकाल द्यायचा नाही. भीती किती आहे ते विचारायचे, हवे तर जवळ बसायचे, आणि ती भीती उत्तरावाचून आपोआप ओसरते का, हे दोघींनी पाहायचे. पहिल्या काही रात्री दोघींनाही कठीण गेल्या. आईला तर आपण कठोरपणे वागत आहोत असे वाटत होते. मुलीच्या संमतीशिवाय असा उपाय कोणी करू नये, हे येथे स्पष्टपणे सांगते, कारण आधी न ठरवता उत्तर नाकारले तर मुलाला तो आणखी एक अबोलाच वाटेल.

वडिलांना मी एकदाच भेटले. अबोल्याने मुलीच्या मनावर काय परिणाम झाला, हे तिनेच माझ्या समोर त्यांना सांगितले. त्यांनी प्रतिवाद केला नाही. राग आला तर त्याच दिवशी, एका वाक्यात का होईना, कारण सांगेन, असे ते म्हणाले. हे नेहमी जमते असे नाही, पण न जमल्यास “बाबा, कारण काय?” असे विचारण्याची मुभा आता मुलीला आहे आणि ती ती वापरते. शिक्षिकेकडेही तिने याच रीतीने कारण विचारले होते. ग्रंथालयाचे एक पुस्तक परत करायचे राहिले होते, एवढाच तो विषय होता.

सत्राच्या निबंधासाठी तिने जोसेफ के.ऐवजी व्यापारी ब्लॉक याची निवड केली. हा ब्लॉक अनेक वर्षे खटला लढवत असतो, मुख्य वकिलाच्या अपरोक्ष त्याने आणखी पाच वकील ठेवलेले असतात आणि शेवटी तो वकिलाच्या पलंगापुढे गुडघे टेकतो. आई, मावशी आणि दोन मैत्रिणी अशा चार जणींकडे आपण एकच प्रश्न घेऊन जात होतो, असे तिने मला सांगितले. निबंधात अर्थातच तिने ते लिहिले नाही.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येते. पुस्तक वाचून काही दिवस उदास वाटणे, त्याविषयी सतत बोलणे, एखादे वाईट स्वप्न पडणे, यात उपचार करण्यासारखे काही नाही. ऐकून घेणारे माणूस पुरते. परंतु झोप, भूक किंवा अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेला असेल, तपासण्याचे वा कबुली देण्याचे प्रकार दिवसातील तासन्‌तास खात असतील, आपल्याविरुद्ध खरोखरच कोणीतरी कट करत आहे अशी मुलाची खात्री होऊ लागली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. जगणे नको, असा सूर कानावर आला तर त्याच दिवशी मदत घ्यावी. अशा प्रसंगी वाचन काही काळ बाजूला ठेवण्यासही माझी हरकत नसते. या विद्यार्थिनीच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

शिक्षकांना माझे सांगणे वेगळे आहे. ही कादंबरी काफ्काने १९१५ च्या सुरुवातीला अपुरी सोडली, त्याच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये ब्रोडने ती प्रसिद्ध केली, आणि प्रकरणांचा क्रमही ब्रोडनेच लावला. आपल्याला जे कोडे उलगडत नाही, ते लेखकानेही पूर्ण करून ठेवलेले नाही, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगितले तर अर्थ न लागल्याचा दोष ते स्वतःकडे घेत नाहीत. त्या महाविद्यालयात पुढील वर्षीही हीच कादंबरी नेमली आहे. शिक्षिकेने बदल एवढाच केला आहे की शेवटच्या प्रकरणाचा तास सत्राच्या अखेरीस न ठेवता मध्यावर घेतला आहे, म्हणजे ते वाचून झाल्यावर वर्गाला बोलण्यासाठी काही आठवडे हाताशी राहतात.