मॉडेल रॉकेटचे भाग कोणते आणि कुठला भाग काय करतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, शाळेच्या प्रदर्शनात मॉडेल रॉकेट ठेवायचंय आणि प्रत्येक भागाचं काम तिला सांगता आलं पाहिजे. मी ठाण्यात कोलशेतला राहतो, सोसायटीतल्या पोरांसोबत रॉकेटं बनवतो, तर जे हाताने केलंय ते सांगतो.

पुढचं टोक म्हणजे नोज कोन, तो हवा कापतो. तो चिकटवायचा नाही हं, नुसता बसवायचा, का ते खाली येईल. त्याच्या मागे बॉडी ट्यूब, जाड कागदाची नळी. तिला बाहेरून स्ट्रॉसारखा तुकडा लावतात तो लाँच लग, तो लाँचपॅडच्या सळईत ओवतात, कारण सुटताना वेग इतका कमी असतो की फिन्सचा (शेपटाकडच्या पात्यांचा) काही उपयोग होत नाही, पहिले तीनेक फूट सळईच रॉकेटला सरळ धरते.

फिन्स मात्र तिला नीट समजावा. दिवाळीच्या रॉकेटची काडी मोडली की ते कसं सैरावैरा पळतं, तर फिन्स म्हणजे तीच काडी. रॉकेट जरा तिरकं झालं की मागच्या फिन्सवर हवा आदळते आणि शेपूट परत जागेवर येतं. पण त्यासाठी वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे पाहिजे, मध्ये निदान ट्यूबच्या जाडीएवढं अंतर. तपासायला मोटर (रॉकेटला ढकलणारी दारूची नळी), पॅराशूट सगळं भरून रॉकेट बोटावर जिथे तोललं जातं तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरागरा फिरवायचं, नाक पुढे ठेवून फिरलं तर पास, नाहीतर नोज कोनमध्ये थोडी क्ले भरायची.

तळाला मोटर, ती मोटर माउंटमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या आतल्या नळीत बसते, तिथल्या कड्याला अडते म्हणून जोर लागल्यावर ट्यूबमध्ये वर घुसत नाही. मोटरवर सी६-५ असं लिहिलेलं असतं. सी म्हणजे एकूण ताकद (५ ते १० न्यूटन-सेकंद, बी त्याच्या निम्मी), ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर, ५ म्हणजे जळून संपल्यावर ५ सेकंद थांबून पुढच्या बाजूला छोटा स्फोट. त्या स्फोटाने नोज कोन निघतो आणि पॅराशूट बाहेर पडतं, म्हणून तो चिकटवायचा नाही. शॉक कॉर्ड नावाचा इलॅस्टिक दोरा नोज कोन आणि बॉडी ट्यूबला जोडून ठेवतो.

स्फोट आणि पॅराशूटच्या मध्ये न पेटणारा कागद कोंबतात, वॅडिंग. मुरबाडकडच्या माळावर मी एकदा ते कमी भरलं, पॅराशूट वितळून गोळा झालं आणि रॉकेट नाकावर आपटलं, एका मुलीने तीन आठवडे घासून केलेले फिन्स तुटले, अजून वाईट वाटतं मला.

प्रदर्शनासाठी ट्यूबची एक बाजू कापून आतलं सगळं दिसेल असं करा आणि मोटरच्या जागी रिकामी नळी ठेवा. घरी फटाक्यांची दारू भरून मोटर अजिबात करू देऊ नका. खरंच उडवायचं असेल तर दोन लिटरची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप, फिन्सचं सगळं गणित त्यातही तसंच लागू होतं.