जीआयएसच्या प्रमाणपत्रावर पैसे घालावेत का?

प्रश्न : भूगोल घेऊन बीए झालो, गाव बार्शीजवळ. पुण्यात चार महिन्यांचा जीआयएसचा (संगणकावर नकाशे करून त्यांना माहिती जोडण्याचं तंत्र) कोर्स आहे. फी ४८,००० रुपये, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणतात. वडील कर्ज काढायला तयार आहेत. करू का?

कर्ज काढून नको, हे आधीच सांगतो. हिशेब पुरा मांडा. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ८,६४० रुपये आणखी. कॉट बेसिसवर राहणं आणि मेस मिळून महिना ९,००० धरले तर चार महिन्यांचे ३६,०००. बेरीज झाली ९२,६४०. एवढ्या पैशांवर नोकरी मिळणार असेल तर ती कुठल्या कंपनीत, कुठल्या कामावर आणि किती पगारावर, हे लेखी मागा. मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना स्वतः गाठा. क्लासवाले ज्यांचे नंबर देतील, त्यांना सोडून इतरांना.

या क्षेत्रात काम आहे, याबद्दल मला शंका नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे आणि भूस्थानिक (म्हणजे जागेशी जोडलेल्या) माहितीचे नियम सैल केले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. पण नवख्याला पहिलं काम बहुतेक वेळा डिजिटायझेशनचं मिळतं. उपग्रहचित्रावर रस्ते, घरं, गटांच्या हद्दी गिरवायच्या. यात कमीपणा काही नाही, मात्र हे शिकायला लाखाच्या घरात पैसे लागत नाहीत. क्यूजीआयएस हे या कामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (इस्रोचीच ती) ऑनलाइन कोर्स फुकट घेते आणि प्रमाणपत्रही देते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवर शिकणं मोफत, पैसे फक्त परीक्षेचे.

मुलाखतीत काय पाहतात ते सांगतो. स्कॅन केलेला एक जुना गावनकाशा देतात आणि म्हणतात, हा उपग्रहचित्रावर बसवा. नवखा मुलगा देऊळ, चावडी, विहीर असे चार बिंदू जुळवणीसाठी गावठाणातच धरतो, कारण तिथे खुणा चटकन सापडतात. स्क्रीनवर चूक अगदी कमी दिसते आणि तो खूश होतो. पण शिवेकडचे गट जागेवरून सरकलेले असतात. जाणता माणूस आधी शिवेवरचे तिठे (तीन हद्दी मिळतात त्या जागा) शोधतो, बिंदू चारही दिशांना पसरवतो आणि मग कागद कुठे आक्रसलाय ते पाहतो. दुसरी परीक्षा क्षेत्रफळाची. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत गटाचं क्षेत्र मोजायला गेलात तर आकडा निरर्थक येतो. पुण्यासाठी यूटीएमचा (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) ४३ उत्तर हा झोन लावायचा, मग चौरस मीटर मिळतात आणि ते सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून बघता येतात.

तेव्हा तुमच्याच गावाचा नकाशा असा करा. गट, ओढे, विहिरी, पाणंद रस्ते, सगळं. चार-पाच महिने घरी राहून हे नीट जमलं आणि त्यात गोडी वाटली, तर पुढचे पैसे एमएस्सीत घाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूगोल आहे, सिम्बायोसिसमध्ये जिओइन्फॉर्मेटिक्स आहे. जाहिरातीत पात्रता म्हणून पदव्युत्तर पदवी मागितली असेल, तिथे चार महिन्यांचं प्रमाणपत्र चालत नाही.

प्रश्न : मुलगा दहावी झालाय. भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक व्हायचं म्हणतो. त्याला जीआयएसचं सर्टिफिकेट करायला लावू का? (एक आई, हडपसर)

ताई, थांबा. मागची भरतीची जाहिरात काढून पात्रतेची ओळ वाचा. तिथे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड मागितला होता, शिवाय टायपिंग. जीआयएसच्या सर्टिफिकेटवर अर्जच भरता येणार नाही. त्याला आयटीआयला घाला. खासगी क्लासच्या मानाने तिथली फी फारच कमी आहे, आणि साखळी, लेव्हल, टोटल स्टेशन ही मोजणीची साधनं हाताला येतात. जीआयएस नंतर सहा महिन्यांतही शिकता येतं. उन्हात उभं राहून मोजणी करण्याची सवय मात्र याच वयात लागते.

प्रश्न : यूपीएससीला भूगोल वैकल्पिक घेणार आहे. त्याआधी भूगोलाचं प्रमाणपत्र केल्याचा उपयोग होईल?

नाही. वैकल्पिक विषयासाठी त्या विषयातलं काहीच शिकलेलं असण्याची अट नाही. २५० गुणांचे दोन पेपर आहेत, ते पैसे आणि महिने उत्तरं लिहिण्याच्या सरावाला द्या.

प्रश्न : मी कोथरूडच्या अनुदानित शाळेत भूगोल शिकवते. जीआयएसचा कोर्स केला तर वेतनश्रेणीत फायदा आहे का?

बाई, वेतनश्रेणीत नाही. वरिष्ठ श्रेणीसाठी शासनाचं ठरलेलं प्रशिक्षण लागतं, खासगी प्रमाणपत्र तिथे धरत नाहीत. वर्गासाठी मात्र जरूर शिका, आणि फुकटातलंच शिका. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. खडकवासल्याचं मे महिन्यातलं आणि ऑक्टोबरमधलं चित्र शेजारी ठेवा आणि मुलांना पाण्याची कड गिरवायला लावा. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शिकवताना हीच मुलं मग ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जंगलतोड स्वतः मोजू बघतील. एक सूचना : पावसाळ्यातली चित्रं घेऊ नका, ढगांखाली धरण दिसतच नाही.